टेस्टरबाईंनी साहेबांना कोंडलं नव्हतं

आमच्या गल्लीत सध्या एक गोष्ट फिरते आहे. माझ्या आत्याने म्हणे मान्यता मंडळाच्या साहेबांना वर्गात कोंडलं, बाहेरून कडी घातली आणि सुनावलं, "सही करा, मगच दार उघडेन."

सलूनवाला ही गोष्ट कात्री थांबवून सांगतो. "तासभर! तासभर हो! आतून साहेब दार ठोकतायत, आणि बाई बाहेर स्टुलावर बसून निवांत नखं कापतायत!" तो तिथे नव्हता. त्या वेळी तो माझ्याच बाबांची दाढी करत होता. औषधाच्या दुकानातल्या काकू हीच गोष्ट कुजबुजत सांगतात, म्हणजे रांगेतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल इतपत कुजबुजत. "शॉक द्यायची धमकी दिली म्हणे. वायर हातातच होती. मी नाही हं पाहिलं, मी आपलं ऐकलं." शाळेत माझ्यापर्यंत येईस्तोवर साहेबांचे दोन साहेब झाले होते आणि त्यातल्या एकाने खिडकीतून उडी मारून पळ काढला होता.

खरी गोष्ट अशी, की त्या खोलीला बाहेरून कडीच नाही. जी काय आहे ती आतून. आणि ती साहेबांनी स्वतःच्या हाताने लावली. आत्या बाहेरून विनवत होती, "साहेब, बास झालं आता, या बाहेर." आणि आतून उत्तर येत होतं, "अर्थात. पाचच मिनिटं."

असं का झालं ते सांगते. पण त्यासाठी आधी आत्या सांगावी लागेल.

तिला सगळे टेस्टरबाई म्हणतात. अंबाड्यात पेन्सिल खोचणाऱ्या बायका असतात, ही टेस्टर खोचते. पिवळ्या मुठीचा, वीज असली की पोटात दिवा लागतो तो. एकदा एका लग्नाला ती तशीच आली. आईने घाईघाईने कानात सांगितलं, "वन्सं, टेस्टर!" आत्या म्हणाली, "असू दे. इथला पंखा बरा नाही, ऐकलंस का?" जेवणं उरकेपर्यंत ती खुर्चीवर खुर्ची ठेवून वर चढलेली होती आणि नवरामुलगा खालून खुर्ची धरून उभा होता.

लहानपणी सातवीनंतर शाळा सुटली आणि ती एका लाँड्रीत इस्त्रीला लागली. तिथे सतरा वर्षं काढली. तिथलं मोठं मशीन दर महिन्याला बिघडायचं. दर महिन्याला एक मेकॅनिक यायचा, सगळ्यांना बाहेर काढायचा, दार लावून घ्यायचा, अर्ध्या तासाने घाम पुसत बाहेर यायचा आणि म्हणायचा, "मोठं काम निघालं!" एकदा आत्या इस्त्रीच्या टेबलाखाली दडून बसली. मेकॅनिकने केलं काय, तर सुटलेली एक वायर जागेवर बसवली आणि उरलेली पंचवीस मिनिटं खुर्चीत डुलकी काढली. नंतर रुमाल ओला करून कपाळावर फिरवला.

आत्या म्हणते, "राग डुलकीचा नाही आला गं. दार लावून घेतल्याचा आला."

पुढच्या महिन्यात ती वायर आत्याने बसवली. मग शेजारच्या हॉटेलातला फ्रिज, मग कुणाची पाण्याची मोटर. मग एक बाई म्हणाली, "दुरुस्त करून नका देऊ, मला शिकवा." तिथून वर्ग सुरू झाला. आमच्या घरामागच्या खोलीत, जिथे आधी सायकली असायच्या. याला नऊ वर्षं झाली. वर्गाचं दार कधी लागत नाही. थंडीतसुद्धा. बाहेरची कडी तर आत्याने पहिल्याच दिवशी उपटून टाकली. येणारा-जाणारा उभा राहून बघतो, फुकट सल्ले देतो आणि कधी कधी पुढच्या तुकडीत नाव घालतो.

तिच्या शिकवण्याची पद्धत कुठल्या पुस्तकात नाही. भिंतीला लागून एक लांब फळी आहे, तिला आम्ही दवाखाना म्हणतो. तिच्यावर आणि तिच्याखाली चौदा यंत्रं. पंखे, इस्त्र्या, पाण्याचे पंप, तीन कपडे धुण्याची मशीनं. सगळी आजारी. आत्याने स्वतः, विचार करकरून, आजारी पाडलेली. प्रत्येकाला नाव आहे. रुसूबाई चालूच होत नाही. रडकी खालून गळते. खोकलू पंखा तिसऱ्या वेगाला खोकतो. चोर इस्त्री तापते आणि कुणी बघत नाही असं पाहून गार होते.

"दुरुस्त कुणीही करेल," आत्या म्हणते, "बिघडवायला अक्कल लागते. शिकणारा कुठे फसेल ते आधी ओळखावं लागतं."

आणि तिचा पहिला नियम, आधी ऐका. झाकण उघडायच्या आधी कान लावा. या नियमापायी मी पाच वर्षांची असल्यापासून त्या वर्गाची नोकर आहे, कारण मला आवाज काढता येतात. "बेअरिंग गेलेलं मशीन कर गं," आत्या म्हणायची, आणि मी घुर्रर्र-खड्ड-घुर्रर्र-खड्ड करायची. "आता पट्टा घसरणारं." चिंईई-फस्स. "आता आत नाणं अडकलंय." माणसांचे आवाज मी त्यानंतर शिकले. ते सोपे असतात.

तर असा सगळा सुखाचा संसार चालू असताना मान्यतेचं पत्र आलं.

खाजगी प्रशिक्षण वर्गांनी मंडळाची मान्यता घ्यायची. नाही घेतली तर त्यांचं प्रमाणपत्र या वर्षापासून कुठेही चालणार नाही आणि पाटी उतरवायची. तपासणी एकदाच. त्यात नापास झालं तर दोन वर्षं पुन्हा अर्ज नाही. त्या वेळच्या तुकडीत अकरा जण होते आणि त्यांतल्या सात जणांना एका दुरुस्ती केंद्राने कामाचा शब्द दिला होता, प्रमाणपत्र चालणारं असेल या अटीवर. म्हणजे आत्या नापास झाली असती तर एकटी झाली नसती, बारा जण झाले असते.

अर्ज बेचाळीस पानांचा. कलमं सदुसष्ट. बाबांनी ते बाड वजन करून बघितल्यासारखं हातात तोललं आणि म्हणाले, "याच्या वजनाने तुझं मशीनच बसेल."

आत्याने पहिल्या दिवशी चिडचिड केली, दुसऱ्या दिवशी चष्मा पुसला, तिसऱ्या दिवशी कलम एक पासून सुरुवात केली. मी तिची लेखनिक.

दर प्रशिक्षणार्थ्यामागे तीन चौरस मीटर जागा हवी. प्रशिक्षणार्थी म्हणजे शिकणारे, कलमांच्या भाषेत. आम्ही टेप घेऊन खोली मोजली तर दहाच जण बसत होते. कोपऱ्यातलं बाबांचं कपाट अकराव्याची जागा खात होतं.

"माझ्या कपाटापायी मान्यता अडली?" बाबा.

"कपाट शिकतंय का काही, दादा? नाही ना? मग व्हरांड्यात."

बाबा अजूनही कोट घालायला व्हरांड्यात जातात.

शिकवणाऱ्याकडे प्रमाणपत्र हवं. आत्याकडे लाँड्रीत सतरा वर्षं भाजलेले हात होते, ते कलमात बसत नव्हते. पण त्याच पानावर खाली, बारीक अक्षरात, सोय होती. अनुभवी माणसाला थेट परीक्षा देता येते. सत्तेचाळीस वर्षांची आत्या तिसऱ्या बाकावर जाऊन बसली. मागच्या मुलाने म्हणे विचारलं, "काकू, तुम्ही पालक ना? पालकांनी बाहेर थांबायचंय." ती पास झाली. त्या मुलाचं काय झालं ते माहीत नाही.

मग पाठाचं टाचण. रोज काय शिकवणार ते लिहून ठेवायचं. नऊ वर्षं ती नुसती बोलत आली होती. म्हणून ती बोलली आणि मी जसंच्या तसं उतरवून घेतलं. माझी चूक असेल तर एवढीच, की जसंच्या तसं. "पाठ तिसरा. झाकणाला हात लावायच्या आधी प्लग काढ. मी बघत असले तरी काढ. नसले तरी काढ. नाहीतर पाठ चौथा दवाखान्यात होईल, आणि तो फळीवरचा नसेल." सत्तर पाठ या भाषेत. वाचून आई म्हणाली, "वन्सं, हे सरकारदरबारी जाणार आहे." आत्या म्हणाली, "जाऊ दे. त्यांच्याकडेही प्लग असतीलच."

आणि कलम एकोणतीस, तक्रारपेटी.

यावर आत्या खूप हसली. "माझ्याविरुद्ध तक्रार? तोंडावर करतात की सगळे!" तरी आम्ही बुटाच्या खोक्याला चीर पाडली आणि दाराशी ठेवलं. आठ दिवसांनी उघडलं तर आत दोन चिठ्ठ्या. एक माझ्याबद्दल होती, ती महत्त्वाची नाही. दुसरीत लिहिलं होतं, "बाई फार भरभर बोलतात. आणि कुणी बघत असलं की माझे हात थरथरतात, त्याचं काय करू?"

आत्याने ती चिठ्ठी दोनदा वाचली. मग घडी घालून ब्लाउजात ठेवली. अक्षर कुणाचं ते तिने ओळखलं असणार, पण मला सांगितलं नाही. "नऊ वर्षांत हे मला कुणी बोललं नव्हतं," एवढंच म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती सावकाश बोलायला लागली. ऐकवत नव्हतं, रेडिओची बॅटरी उतरल्यासारखं. आणि तिने नवा नियम काढला. जे कराल ते आधी मोठ्याने बोला, मग करा. सगळ्यांनी. "प्लग काढला." "पाणी बंद केलं." मला वाटलं, हेही कुठल्यातरी कलमात असेल.

आता तपासणीच्या दिवसावर येते. साहेब अकराला येणार होते. सकाळी आठ वाजता आत्या आग विझवायचं नळकांडं भरून आणायला बाहेर पडली. जाताना म्हणाली, "यादीवरून शेवटची नजर फिरवा. काही राहिलं असेल तर करून ठेवा."

मी यादी मोठ्याने वाचत होते, अकरा जण ऐकत होते. कलम एक्केचाळीस आलं. "प्रशिक्षणासाठी वापरली जाणारी सर्व यंत्रे चालू व सुस्थितीत असावीत."

सगळ्यांच्या माना एकदम फळीकडे वळल्या. रुसूबाई, रडकी, खोकलू, चोर. चौदाच्या चौदा आजारी.

"अगं बाई," कुणीतरी म्हणालं. "एकही चालू नाहीये की!"

पुढचं वर्णन काय करू. अकरा माणसं त्या चौदा यंत्रांवर तुटून पडली. "प्लग काढला!" "झाकण उघडलं!" "पट्टा बसवला!" असा गलका, की शेजारी विचारायला आले काही पेटलंय का. पावणेअकराला खोकलूचा खोकला गेला, रडकीचं रडं थांबलं, रुसूबाई तर खुदकन हसल्यासारखी सुरू झाली. मी यादीवर एक्केचाळीसपुढे एवढी मोठी बरोबरची खूण केली, की ती चाळीसवरही चढली.

आत्या नळकांडं कडेवर घेऊन दारात आली. सगळे ओळीत उभे. पंखे, पंप, मशीनं एका सुरात घूंऽऽ करत होती आणि इस्त्र्या गुमान तापत होत्या.

"हे कुणी केलं?"

"आम्ही, बाई! सगळ्यांनी!"

ती सावकाश स्टुलावर बसली. "आज प्रत्यक्ष परीक्षा आहे," ती म्हणाली. "साहेबांसमोर दोष शोधून दाखवायचा. कलम बावन्न." मग माझ्याकडे बघून, "आता शोधतील काय? आणि त्या एक्केचाळीसला तळटीप होती ना गं? सरावाची यंत्रं वगळून?"

होती. पानाच्या तळाशी, मुंगीच्या पावलाएवढ्या अक्षरात.

"पटकन बिघडवू या का?" मी विचारलं.

"घाईत बिघडवलेलं यंत्र लगेच पकडलं जातं." तिने फळीवरून नजर फिरवली, एकेका यंत्रापाशी थांबत. आणि मग काय झालं कुणास ठाऊक, तिच्या ओठांचा कोपरा हलला. "चौदाही? चोर इस्त्रीसुद्धा? कुणाला सापडला चोर?"

तेवढ्यात फाटक वाजलं.

साहेब उंच, किडकिडीत, खिशाला धातूच्या टोपणाचं शाईपेन. त्यांची बहुतेक वाक्यं "अर्थात" पासून सुरू होतात, आधी काही बोलणं झालेलं नसलं तरी. फाटकातून आत येताना पहिलंच वाक्य, "अर्थात, आम्ही आलो." सोबत एक तरुण मॅडम, हातात टॅब, आणि तोंडात दोनच शब्द, "नोंद घेतली." ते दोघं मला देवाने पाठवलेली भेट होती, पण त्या दिवशी माझं लक्ष नव्हतं.

जागा मोजली. नोंद घेतली. नळकांडं पाहिलं. अर्थात, ते भिंतीवर थोडं खाली टांगलंय. नोंद घेतली. टाचणवही उघडली आणि मॅडमनी पाठ तिसरा सपाट आवाजात मोठ्याने वाचला, "दवाखान्यात होईल, आणि तो फळीवरचा नसेल." साहेबांनी छताकडे बघितलं. मॅडमनी टॅबवर बोट ठेवलं आणि बराच वेळ काहीच नोंदवलं नाही.

"अर्थात," साहेब म्हणाले, "आता प्रत्यक्ष परीक्षा. दोष असलेलं यंत्र कुठलं?"

इथे दुसरं कुणी असतं तर थाप मारली असती. आत्या म्हणाली, "एकही नाही, साहेब. होती चौदा. सकाळी मी बाहेर गेले आणि तीन तासांत या अकरा जणांनी सगळी बरी करून टाकली. मी नसताना. कुणी कुठलं केलं त्याची नोंद ठेवलेली नाही, ती माझी चूक."

"अर्थात, पण कलम बावन्न..."

"माहीत आहे. म्हणून एक विनंती आहे." तिने अंबाड्यातला टेस्टर काढून साहेबांपुढे धरला. "तुम्हीच बिघडवा. कुठलंही. आम्ही सगळे बाहेर थांबतो."

साहेब टेस्टरकडे बघत राहिले. मग हळूच विचारलं, "कसंही बिघडवलं तर चालेल?"

"तोडू नका, एवढंच."

आता कळलं ना कडी कुणी लावली? कुणी डोकावू नये म्हणून साहेबांनी आतून लावली. नऊ वर्षांत पहिल्यांदा ते दार बंद झालं. आम्ही सगळे अंगणात, मॅडमसकट. आतून खडखड, मग शांतता, मग चक्क गुणगुणणं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. "साहेब, बास झालं आता!" "अर्थात. पाचच मिनिटं." मॅडम मला हळूच म्हणाल्या, "बावीस वर्षं कागद तपासतायत. आधी मशीनवर होते."

तिथे अंगणात आत्याने सांगितलं, "परीक्षेला कंडक्टर काका बसतील."

काका म्हणजे त्या अकरांतलेच एक. काकांनी तीस वर्षं बसमध्ये तिकिटं फाडली. मग बसमध्ये तिकिटांची यंत्रं आली आणि काका घरी. एकटे असले की त्यांचं काम झकास, पण कुणी बघायला लागलं की स्क्रूड्रायव्हर स्क्रूवर बसायचाच नाही. मी आत्याला बाजूला ओढलं.

"आत्या, काका नको! हात बघ त्यांचे, आत्तापासून! दुसरं कुणीही घे."

"दुसरं कुणीही घेतलं तर काका आयुष्यभर अंगणातच उभे राहतील."

"आणि पाटी उतरली तर? नाही जमायचं त्यांना."

"लाव पैज," आत्या म्हणाली.

"लावली! काय?"

"मी हरले तर तू माझी नक्कल वर्गासमोर करायची आणि मी पहिल्या बाकावर बसून ऐकणार. मला माहीत आहे तू पाठीमागे करतेस."

मला हे इतकं हवं होतं, की क्षणभर वाटलं काका नापासच व्हावेत. लगेच जीभ चावली.

"आणि तू हरलीस तर महिनाभर कुणाची नक्कल नाही. माणसाची नाही, मशीनची नाही, मांजराचीही नाही."

टाळी दिली. कडी वाजली. साहेब बाहेर आले, बाह्या वर, नाकाला काळं, आणि चेहऱ्यावर बिस्किटाचा डबा रिकामा केलेल्या पोराचा भाव.

कपडे धुण्याचं मशीन होतं. रडकीच. काका पुढे झाले. हात थरथरत होते, मला दाराशी उभं राहून दिसत होते. त्यांनी प्लगकडे हात नेला, तो घसरला. मॅडम बघतायत, साहेब बघतायत, आम्ही बघतोय.

आत्या सावकाश म्हणाली, "काका, सांगा."

काकांनी डोळे मिटले. आणि मग आवाज आला तो काकांचा नव्हताच, तो बसमधला होता. दाराच्या दांड्याला लटकून तीस वर्षं थांबे पुकारणारा आवाज. "प्लऽऽग! काढला! पाणीऽऽ! बंद! मागचं झाकणऽऽ! उघडतोय!"

आणि हात थांबले. खरंच सांगते. आवाज सुरू झाला आणि थरथर उतरून गेली, जणू तिचा थांबा आला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की ती चिठ्ठी कुणाची होती आणि मोठ्याने बोलायचा नियम कुठल्याच कलमातला नव्हता.

"पण आधी गिऱ्हाइकाला विचारायचं," काका वळले. "साहेब, काय त्रास आहे मशीनला?"

"अर्थात, चालत नाही."

"कधीपासून?"

"आजच."

"त्याआधी कुणी हात लावला होता?"

"मी," साहेब म्हणाले, आणि बघता बघता कानापर्यंत लाल झाले.

"बिघडल्यावर घरचे आधी स्वतः उघडून बघतातच," काका समजुतीने म्हणाले. "पट्टाऽऽ! उतरलाय! बसवला!" मग मशीन सुरू करून पाणी भरलं, सोडायला गेले, पाणी जागचं हलेना. काकांनी खाली कान लावला. "पंप बोलत नाही. प्लऽऽग! काढला! वायरऽऽ! सुटलीय! लावली!" पाणी घळाघळा गेलं. अकरा मिनिटं झाली होती. साहेबांनी मान डोलावली, "अर्थात, दोन्ही दोष सापडले."

"तीन आहेत," काका म्हणाले.

"दोनच केले मी."

"तीन."

आत्याने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे. हे तिच्याही हिशेबात नव्हतं. काकांनी मशीन पुन्हा थांबवलं, पुन्हा प्लऽऽग काढला, आणि आतलं पिंप हाताने सावकाश फिरवलं. टक्. पुन्हा फिरवलं. टक्. मी शपथेवर सांगते, मला ते त्याआधी ऐकू आलं नव्हतं. मला!

"दर फेऱ्याला एकदा," काका म्हणाले. "हलकं आहे. धातूचं आहे. नाणं नाही. नाण्याचा आवाज मी तीस वर्षं ऐकलाय." त्यांनी दाराच्या रबरी घडीत दोन बोटं घातली, घडी उलटी केली आणि तळहात साहेबांपुढे धरला. शाईपेनाचं टोपण.

साहेबांनी खिसा चाचपला. खिशात उघडं पेन, आणि खिशाखाली शर्टावर निळा डाग हळूहळू मोठा होत होता.

"हे तुम्ही केलं नव्हतंत, आपोआप झालं," काका म्हणाले.

या वेळी साहेबांना "अर्थात" सापडला नाही. मग मॅडमनी हसू दाबत टॅबकडे बघितलं आणि म्हणाल्या, "नोंद घेतली."

अंगणात काकांना सगळ्यांनी उचललं. आत्या तेवढ्यात माझ्या कानाशी आली. "आजपासून मोजायचं," ती म्हणाली आणि टेस्टर अंबाड्यात खोचला.

पत्र एकविसाव्या दिवशी आलं. वर्ग भरलेला होता. सगळे ओरडले, "साहेबांच्या आवाजात वाच!" माझ्या घशात "अर्थात" येऊन बसला होता, एकवीस दिवस तुंबलेला. मी आत्याकडे बघितलं. तिने नऊ बोटं दाखवली. मग मी ठरवलं, अगदी सरळ, कोरडं वाचायचं. पहिलं वाक्य वाचलं आणि कोपऱ्यातून आवाज, "ए, ही मॅडम झाली! ही नक्कल आहे!"

"द्या इकडे," आत्या म्हणाली आणि पत्र काकांकडे गेलं.

काका उभे राहिले. पत्र त्यांनी एका हातात धरलं, दुसरा हात वर केला, तिथे दांडा असल्यासारखा. "मान्यताऽऽ! मिळाली! मुदतऽऽ! पाच वर्षं! दुरुस्त्याऽऽ! दोन! नळकांडं वीतभर वर टांगावं! पाठ तिसऱ्याची भाषा मंडळाच्या शैलीत आणावी!" आणि मग थांबून, चष्मा सारखा करून, "याच्यापुढे निळ्या शाईने हाताने लिहिलंय. 'अर्थात, घाई नाही.'"

सगळे हसले, टाळ्या पडल्या, खोकलूने उगाच वेग धरला. माझ्या पोटात त्या अख्ख्या प्रसंगाची नक्कल तयार होती, काका, मॅडम, साहेब, सगळ्यांसकट. मी तोंडावर दोन्ही हात ठेवून बसले. आत्या समोरून बघत होती, पापणी न हलवता.

म्हणून हे लिहून काढलं. लिहिण्याबद्दल पैजेत काही ठरलं नव्हतं, आणि मी मुद्दाम विचारलेलंही नाही. अजून आठ दिवस बाकी आहेत.